धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण: चुलीच्या रोजच्या कटकटी आणि त्यामागची कारणं

येळवशीच्या (वेळा अमावस्येच्या) दिवशी पहाटे चार वाजता आमच्या घरात सगळे खोकत होते. भज्जीचं (त्या दिवशीच्या मिसळ भाजीचं) मोठं पातेलं चुलीवर, पस्तीस-चाळीस माणसांचा सैपाक, आणि चूल नुसती धुपायलेली. आई फुकून फुकून लालबुंद, काकूनं पदर नाकाला लावलेला, आणि मी झोपेतनं उठून "गॅसवर ठेव ना" म्हणालो तर जे ऐकून घेतलं ते इथं लिहिता यायचं नाही. काकू म्हणाली, "लाकडाला काय रोग आलाय काय माहीत, धूर लई व्हायलाय." लाकडाला रोग नव्हता. बाभूळ आठ दिवसांपूर्वी तोडलेली होती, एवढंच. पण तेवढंच नव्हतं, अजून एक कारण होतं जे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, ते सांगतो पुढं.

माझं शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं गाव, घरी गॅस आहे. २०१६ ला उज्ज्वला योजना आली तेव्हा गल्लीत बऱ्याच जणांकडं सिलेंडर आलं, पण भाकरी, आंघोळीचं पाणी आणि सणावाराचं मोठं पातेलं अजून चुलीवरच आहे, आणि ते एवढ्यात बदलेल असं मला तर वाटत नाही. त्यामुळं "चूल वाईट, गॅस घ्या" एवढं सांगून काम भागत नाही. चूल वापरायचीच आहे तर ती नीट का जळत नाही हे समजून घेतलेलं बरं.

सगळ्यात आधी एक छोटा प्रयोग करा, लेकरांना पण दाखवा. मेणबत्ती दोन मिनिटं जळू द्या, मग फुंकर मारून विझवा. वातीतनं पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. लगेच पेटलेली काडी त्या धुराच्या रेघेला लावा, वातीला नाही, वातीच्या बोटभर वर. जाळ धुरातनं खाली उडी मारतो आणि मेणबत्ती परत पेटते. म्हणजे तो धूर जळत होता! चुलीचं तेच आहे. धूर म्हणजे आगीची घाण नाही, धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं लाकूड.

लाकूड जळतं म्हणजे काय होतं ते बघा. आधी त्यातलं पाणी निघून जातं, ते शंभर डिग्रीच्या आसपास, तोवर लाकूड तापतच नाही. मग अडीचशे-तीनशे डिग्रीला लाकूड आतनं फुटायला लागतं आणि त्यातनं वायू आणि डांबरासारख्या वाफा निघतात, वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग असा हवेत जातो, शेवटी उरतो तो कोळसा, म्हणजे आपला आर. आपल्याला दिसतो तो जाळ ह्या वायूंचा असतो. आणि त्यांना पूर्ण जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास गरमी लागते, शिवाय पुरेशी हवा लागते आणि ती हवा त्यांच्यात नीट मिसळावी लागते. ह्यातलं एक जरी कमी पडलं की वायू तसेच वर जातात, थंड होतात, डोळ्यात जातात. मग चुलीची कुठलीही तक्रार असू द्या, विचारायचं एवढंच की गरमी कमी पडायली का, हवा कमी पडायली का, का निघालेल्या धुराला बाहेर जायला वाटच नाही.

ओल्या लाकडाचं घ्या. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं. दहा किलोचा भारा आणला तर त्यात पाच लिटर पाणी आहे असं समजा, म्हणजे तुम्ही भज्जीच्या पातेल्याखाली आधी एक न दिसणारं पाण्याचं पातेलं ठेवलंय आणि ते पूर्ण आटेपर्यंत आग त्यातच गुंतलीय. आता गंमत अशी की नुसता हिशोब केला तर हा तोटा तेवढा मोठा नाही. पाच किलो कोरड्या लाकडात साधारण नव्वद मेगाज्यूल उष्णता असते, पाच लिटर पाण्याची वाफ करायला तेरा-एक लागते, म्हणजे सातवा हिस्सा. मग चूल एवढी का मरते? कारण ती वाफ आगीला थंड ठेवते, सहाशे डिग्रीपर्यंत जाऊच देत नाही, त्यामुळं उरलेल्या सहा हिश्श्यांतला बराचसा धूर होऊन निघून जातो. मला हे कळलं तेव्हा खरं तर बरं वाटलं, कारण आपण आईला उगाच "जरा जोरात फुक" म्हणत होतो.

लाकूड वाळलंय का हे ओळखायला मशीन लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, वाळलेलं ठण्ण वाजतं, ओलं बद्द वाजतं. टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटायला लागते, हातात हलकं लागतं. शंका असेल तर एका तुकड्यावर खडूनं खूण करा, किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा, परत पंधरा दिवसांनी करा, जोवर वजन उतरतंय तोवर पाणी निघायलंय. आणि फोडून ठेवा! अख्खं खोड वर्षभर पडलं तरी आतनं ओलं राहतं, पाणी टोकाकडनं आणि फोडलेल्या बाजूनं निघतं, सालीतनं जवळजवळ नाहीच. मनगटाएवढ्या जाडीचं फोडलं की आपल्याकडचा चैत्र-वैशाख पुरेसा आहे, बाकी कशात नसला तरी उन्हाच्या बाबतीत मराठवाडा श्रीमंत आहे. दिवाळीनंतर तोडायचं, उन्हाळाभर वाळवायचं आणि मृग निघायच्या आधी घरात घ्यायचं. नीट वाळलेल्या लाकडात पाणी पंधरा-वीस टक्क्यांवर येतं.

साठवताना मात्र लोक एक चूक हमखास करतात, ताडपत्री पार जमिनीपर्यंत गुंडाळून बांधतात. मग आतली ओल बाहेर जात नाही, बुरशी धरते. खाली विटा किंवा दोन आडवी लाकडं टाका, वर पत्रा किंवा ताडपत्री, बाजू मोकळ्या. आणि पावसाळ्यात सरपणाच्या ढिगात हात घालायच्या आधी काठीनं हलवा, विंचू आणि साप दोघांनाही ती जागा लई आवडते.

सरपण कुठलं ह्यावर पण फरक पडतो. बाभळीचा आर घट्ट पडतो आणि टिकतो, भाकरी भाजायला तसलं दुसरं नाही. तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) भडकन पेटतात, जाळ मोठा, पण समोर बसून सारखं सारावं लागतं. जरा उठलं की विझल्या, म्हणून चूल पेटवायला आणि तवा तापवायला उत्तम, डाळ शिजवायला डोकेदुखी. वेडी बाभूळ फुकट मिळते, चांगली जळते, काटे तेवढे सांभाळा. गवरी हळू जळते, राख ढीगभर आणि धूरही जास्त, पण ज्यांना मंद आच पाहिजे त्यांना ती पाहिजेच, हुरड्याची आगटी काय तुराटीवर होत नाही. पऱ्हाट्यांचं (कापसाच्या वाळलेल्या झाडांचं) एक वेगळंच प्रकरण आहे, पाऊस सुरू झाला तरी बांधावर पऱ्हाटीचा ढीग तसाच असतो, आणि त्यातल्या अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपलेली असते, ती पुढच्या कापसावर येते. म्हणून शेतीवाले सांगतात की पऱ्हाटी साठवून ठेवू नका. जाळायची तर उन्हाळ्यातच जाळून संपवा. आणि चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी, चपलेचा तुकडा, सायकलचा टायर हे बंद करा हो. पेटतं लवकर हे खरं, पण त्या काळ्या धुरात काय काय विषारी असतं आणि तो तुमच्या भाकरीवर बसतो. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूडचे तुकडे पण नकोत.

धुराचा रंगही काहीतरी सांगत असतो. सुरुवातीला पांढरा दाट धूर म्हणजे वाफ आणि न जळालेले वायू, आग अजून थंड आहे किंवा लाकूड ओलं आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडायली किंवा तेलकट, प्लास्टिकवालं काहीतरी आत गेलंय. वर काहीच दिसत नाही, नुसती हवा थरथरल्यासारखी दिसते, तेव्हा चूल खरी जळायली.

आता हवेचं. आमच्याकडं सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चुलीचं तोंड गच्च भरणं. चार मोठी लाकडं कोंबली की वाटतं जाळ मोठा होईल, होतो धूर, कारण हवा आत जायची तीच वाट, आणि एकदम एवढं थंड लाकूड आत गेलं की गरमी पण कमी होते. दोन-तीन लाकडं, त्यांची फक्त टोकं आत, आणि टोकं जळाली की पुढं सारायची, एवढा साधा नियम. दुसरी गोष्ट, लाकूड राखेवर पालथं पडलेलं असेल तर खालून हवा मिळत नाही. भंगारातल्या सळया घेऊन छोटी जाळी वेल्ड करून घ्या, चुलीच्या तळापासून दीड-दोन इंच वर बसेल अशी. लाकूड जाळीवर, हवा जाळीखालनं. आमच्या चुलीत हा एकच बदल केला तेव्हा आईनं पहिल्या दिवशी ती जाळी काढून ठेवली ("माझी चूल अडवून ठेवली तू"), दुसऱ्या दिवशी स्वतःच परत लावली, आणि फुकणी आता आठवड्यातनं एखाद्या वेळेसच हातात येते. रॉकेट स्टोव्ह म्हणून जी चूल प्रसिद्ध आहे, १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की ह्यांनी बनवलेली, तिच्यातही लाकूड वरच्या फळीवर आणि हवा खालनं असंच आहे, फक्त वर एक उभी गरम नळी असते ज्यात वायूंना पूर्ण जळायला जागा आणि वेळ मिळतो.

फुकणीनं जाळ का होतो तर एक म्हणजे हवा जाते आणि दुसरं म्हणजे ती जोरात जाऊन वायूंमध्ये मिसळते. पण सारखी फुकणी लागत असेल तर चुलीतच काहीतरी चुकलेलं आहे, माणसानं पंख्याचं काम करायचं नसतं.

राख रोज थोडी काढायची, पण खरवडून तळ दिसेपर्यंत नाही. बोटभर थर राहिला की आर त्यात दबून टिकतो. जास्त साचली की मात्र जाळीखालची हवा बंद. आणि राख थंड आहे असं समजून उकिरड्यावर टाकू नका, राखेत दबलेला इंगळ दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो. वारं सुटलं आणि शेजारी कडब्याची गंज असली की काय होतं ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पाणी मारा, मगच टाका.

भांड्याच्या बुडाची काजळी हाही तोच विषय आहे. जाळ पातेल्याच्या थंड बुडाला लागला की तिथंच विझतो आणि न जळालेला कार्बन चिकटतो. भांडं अगदी जाळात बसवलेलं असेल तर काजळी जास्त. उलट भांडं फार वर असेल तर गरमी बाजूनं निघून जाते. भांडं टेकायचे मातीचे उंचवटे असे ठेवा की बूड आणि चुलीची कड ह्यात करंगळीएवढी फट राहील. साध्या चुलीत लाकडातल्या शंभर भाग उष्णतेतले दहा-पंधराच भांड्यापर्यंत पोचतात, बाकी हवेत, त्यामुळं झाकण ठेवणं ही काय किरकोळ गोष्ट नाही. आणि बुडाला आधी मातीचा किंवा राखेचा ओला लेप लावायची आज्जीची पद्धत आहे ना, ती भांडं घासणाऱ्या माणसाचा जीव वाचवते, ती सोडू नका.

आता धुराड्याकडं येऊ. गरम हवा हलकी असते, नळीत गरम हवेचा उभा खांब तयार झाला की तो वर जातो आणि मागनं चुलीतली हवा ओढतो. जेवढी नळी उंच आणि जेवढी आतली हवा गरम, तेवढी ओढ जास्त. पहाटे थंडीत चूल पेटवली की पहिली पाच मिनिटं धूर घरातच येतो ना, त्याचं कारण नळीतली हवा थंड आणि जड आहे, बुचासारखी बसलीय. लाकूड पेटवायच्या आधी एक कागद किंवा दोन तुराट्या नळीच्या बुडाशी जाळा, ओढ सुरू झाली की मग बाकीचं. नळी छताच्या वर किमान दोन फूट काढा, जवळ उंच भिंत किंवा टाकीचा मनोरा असेल तर त्याच्याही वर, नाहीतर वारं तिथनं आपटून नळीत खाली शिरतं. वर टोपी पाहिजे, पण टोपी आणि नळी ह्यात मोकळी जागा सोडा. वळणं जेवढी कमी तेवढं चांगलं. पत्र्याची नळी असेल तर वरचा तुकडा खालच्याच्या आत घालायचा, उलटं जोडलं की ते चिकट काळं पाणी सांध्यातनं भिंतीवर उतरतं. ते पाणी म्हणजे काय, तर ओल्या लाकडाची वाफ आणि डांबर थंड नळीत जमलेलं. रंग देऊन ते जात नाही, सरपण वाळवल्यावर जातं.

काजळी साफ करायचा हिशोब सांगतो, तो ऐकून तुम्ही ह्याच रविवारी छतावर चढाल. चार इंची नळीत सगळीकडनं अर्धा इंच काजळी बसली की वाट तीन इंचाची राहते. वाटतं पाव हिस्सा गेला, पण वाट गोल आहे, तिचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंचावरनं सातवर येतं, म्हणजे जवळजवळ निम्मी नळी बंद. शिवाय ही काजळी स्वतःच पेटू शकते, नळी आतनं धडधडायला लागते. चूल पूर्ण थंड असताना दोरीला गोणपाटाचा बोळा आणि खाली दगड बांधून वरनं दोन-चारदा खेचा, खाली बादली ठेवा, तोंडाला कपडा बांधा. जुनी सिमेंटची नळी असेल तर तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं (त्याचे बारीक तंतू फुफ्फुसाला घातक), ती कापू नका, घासू नका, फोडू नका.

धुराडं लावलेल्या बिनधुराच्या चुलीचा इतिहास आपल्या भागाशी जोडलेला आहे. १९५० च्या दशकात हैदराबादच्या इंजिनिअरिंग प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू ह्यांनी धुराड्याची चूल बनवली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, १९५६ पर्यंत. नंतर १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलीचा देशभर कार्यक्रम काढला, लाखो चुली बसवल्या, आणि २००० नंतर तो बंद पडला. बऱ्याच चुली काही वर्षांत नुसत्या उभ्या राहिल्या, नळ्या तुंबल्या, कुणी साफ केल्या नाहीत. माझं मत विचाराल तर चूल चांगलीच होती, पण बसवून फोटो काढणारा एक माणूस होता आणि वर्षभरानंतर बघायला येणारा कुणीच नव्हता. अजून एक साधी गोष्ट लोकांना कुणी सांगितली नाही, ह्या चुलीला मागं दुसरं भोक असतं, आपल्या वैलासारखं, त्याच्यावर भांडं नसेल तर ते झाकायचं. उघडं ठेवलं की नळीची सगळी ओढ तिथनं थंड हवा खाते आणि चूल धुपते.

जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात धुराडं नव्हतं, पण वर झरोका होता, भिंती उंच होत्या, धूर वर जमून हळूहळू निघून जायचा. आता स्लॅब झाला, चूल मात्र तीच राहिली. धुरातले अगदी बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, त्यांची भारतातली बाहेरच्या हवेची मर्यादा २४ तासांना घनमीटरमागं ६० मायक्रोग्रॅम आहे, चुलीच्या बंद सैपाकघरात ते शेकड्यांनी, कधी हजाराच्या वर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या अशा धुरानं २०२० मध्ये जगभरात ३२ लाख माणसं गेली. धुराडं जमत नसेल तर निदान चूल पडवीत, दोन बाजू मोकळ्या असलेल्या शेडमध्ये आणा.

चुलीला तडे जातात ती तक्रार आपल्याकडं जास्त आहे, आणि त्याला आपली काळी मातीच जबाबदार. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण बघतोच, तीच माती चुलीला लावली तर वेगळं काय होणार. जुने लोक चुलीला पांढरीची माती आणायचे, पडक्या वाड्याची, गढीची. ती तेवढी आकसत नाही. तिच्यात शेण आणि बारीक भुसा घाला, चार दिवस भिजवून तुडवा, पातळ थर देत बांधा, सावलीत वाळू द्या. पंधरा दिवस तरी मोठा जाळ नको. बारीक तडे सारवणात जातात, बोटभर तडा मात्र राख-मातीच्या लगद्यानं आतनं भरा, नाहीतर नको तिथनं हवा शिरते.

पाणी तापवायच्या बंबाचं थोडक्यात. मधली नळी हेच त्याचं धुराडं, ती तुंबली की पाणी तापत नाही. पाणी भरल्याशिवाय कधीच पेटवू नका, सांध्यांचं झाळण सुटतं. बोअरचं पाणी असेल तर आत क्षारांचा पांढरा थर बसतो, तो गरमी अडवतो, चिंचेच्या पाण्यानं किंवा लिंबानं अधूनमधून काढा.

आणि एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. थंडीत आर भरलेली शेगडी किंवा घमेलं खोलीत घेऊन दार लावून झोपायचं नाही. कोळशाला धूर नसतो म्हणून लोकांना वाटतं धोका नाही. जळणाऱ्या कोळशातनं कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपेत असलेल्या माणसाला तेही कळत नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. घरातले दोघं-तिघं एकदमच डोकं धरून बसले तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, मग दवाखाना.

तर ते दुसरं कारण. येळवशीनंतर मी सरपण बदललं, जाळी लावली, नळी साफ केली, तरी रोज संध्याकाळी चूल धूर घरातच सोडायची आणि सकाळी मात्र नीट. महिनाभर डोकं खाजवलं. मग एक दिवस आई म्हणाली, "तू तो पंखा लावतोस ना, तवाच व्हतंय बघ." धूर बाहेर जावा म्हणून मीच हौसेनं एक्झॉस्ट फॅन बसवला होता आणि दारखिडक्या लावून तो चालू करायचो. फॅन खोलीतली हवा बाहेर ओढायचा, मग बाहेरची हवा आत यायला वाट कुठली, तर धुराड्याची, म्हणजे माझा फॅन नळीतनं धूर उलटा खाली खेचत होता. येळवशीच्या पहाटेपण तो चालूच होता. आता चूल पेटली की खिडकी उघडी असते आणि फॅनच्या बटणावर काकूनं चिकटपट्टी लावलीय.